पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा

आप्पा, बाजारातली ती सुताच्या व्यापाऱ्यांची तीन मजली इमारत तुम्हाला आठवत असेलच. खाली काळा दगड, वर विटा, आत सागवानी तुळया आणि त्यांच्यावर कडीपाट. तिच्या पश्चिमेच्या भिंतीचं काम तुम्ही केलं होतं. भिंत जुनीच, तुमच्या आजोबांच्या काळातली. तुम्ही तिचा बाहेरचा सगळा गिलावा काढून नवा केला होता. मी तेव्हा दहा वर्षांची होते, आता एकतीस वर्षांची आहे. गेले काही महिने मी त्याच इमारतीत काम करते आहे. सुताच्या गाठी गेल्या, चादरींचे गठ्ठे गेले, तळमजल्यावरची शेवटची पेढीही बंद झाली. मालकांचा मुलगा पुण्याहून परत आला आणि त्याने ठरवलं की इथे ऑफिसं करायची. काचेच्या खोल्या, लिफ्ट, आगीच्या वेळी उतरायला वेगळा जिना, खालून वायरी नेता येतील अशी उचललेली जमीन. एका कंपनीशी त्याची बोलणीही झाली आहेत. त्या कंपनीच्या माणसांना जुनी इमारत आवडली, कारण फोटोत चांगली दिसते.

तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीला होते, त्यामुळे यातलं बरंच तुम्हाला माहीत नाही. मी स्थापत्याचा डिप्लोमा केला, मग डिग्री, मग जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीचा अभ्यास. सात रस्त्याजवळ दुसऱ्या मजल्यावर माझं दोन टेबलांचं ऑफिस आहे. लोक मला इमारत दाखवतात आणि विचारतात, राहील का पडेल. मी तपासते आणि लिहून देते. ऐकायला बरं वाटतं, पण बहुतेक दिवस धूळ, जिने आणि ईमेल यांत जातात. या इमारतीत तर आल्यापासून मला थकल्यासारखंच वाटतं आहे. तिथे मी तुमची मुलगी म्हणून गेले नव्हते. मालकांनी कोणाकडून तरी माझं नाव ऐकलं आणि फोन केला. पहिल्या दिवशी त्या भिंतीपुढे उभी राहिले आणि हे माझ्या वडिलांचं काम आहे असं सांगायची सोपी वेळ होती, तेव्हा मी सांगितलं नाही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. कामाच्या जागी घरचं बोलायचं नाही अशी माझी सवय आहे. सुरुवातीला तेवढंच कारण होतं.

ती सुट्टी मला तारखेशिवाय पण तासवार आठवते. मे महिना आहे. आई मला डबा घेऊन पाठवते आणि बजावते की बांबूच्या परांचीवर चढायचं नाही. तुम्ही पहिल्या टप्प्यावर उभे आहात, डोक्याला ओला टॉवेल. तुमचा जोडीदार, मी ज्यांना काका म्हणते, खाली माल कालवतो आहे. तुम्ही मला बघता, इकडेतिकडे बघता आणि हात देऊन वर घेता. जुना गिलावा निघालेला आहे आणि भिंत नुसती उघडी. प्रत्येक तुळईच्या टोकाखाली बाहेरच्या बाजूने एक भोक आहे, माझ्या तळहाताएवढं. आत काड्या, पिसं, उंदरांनी नेलेला कापूस. मी मोजते. दोन मजल्यांच्या मिळून सोळा तुळया, सोळा भोकं. तुम्ही म्हणता, "हे सगळं साफ करून बुजवायचं. पाणी जातंय, उंदरं जात्यात. मालकाला भिंत कशी पायजे, परातीवानी!" खालून काका म्हणतात, "मिस्त्री, ती हवेची भोकं हायेत. जुन्या लोकांनी उगं ठिवली नसतील. ऱ्हाऊ द्या की." तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मिचकावता आणि मोठ्याने म्हणता, "तुळईला कशाला रं हवा? तिला काय दम लागलाय व्हय?" मी इतकी हसते की मला फळीवर बसावं लागतं. काकाही हसतात. तो विनोद मला अजूनही चांगला वाटतो. आत खोलवर तुमचा पंजा वळत नाही, माझा हात मनगटाच्या वरपर्यंत जातो. म्हणून विटांचे तुकडे आणि सिमेंट मी आत सारते आणि तुम्ही बाहेरून तोंड बंद करता. खालच्या मजल्याची आणि वरची काही अशी नऊ भोकं मी भरली. तुम्ही पाच भरलीत. कोपऱ्यातली दोन राहिली, कारण तिथून विजेच्या तारा जात होत्या आणि लाईन बंद करायला येणारा माणूस आज येतो, उद्या येतो म्हणत आलाच नाही. तेवढा हातभर पट्टा जुन्या चुन्याचाच राहिला. संध्याकाळी तुम्ही मला एक थापी दिलीत. तुमचीच जुनी, पातं झिजून निम्मं झालेलं, पण मूठ नवी बसवलेली. म्हणजे ती तुम्ही आधीच करून ठेवली होती. मी ती दोन दिवस उशाशी घेऊन झोपले.

त्याच सुट्टीतली दुसरी गोष्टही सांगायला हवी. विहाराजवळच्या एका घरी तुम्ही फरशीचं काम बघायला गेला होतात आणि मी ओळंबा घेऊन मागे. खेळ म्हणून मी तो भिंतीला लावला आणि घरमालकांसमोर म्हणाले, "आप्पा, ही भिंत वाकडी आहे." तुम्ही मला घेऊन बाहेर पडलात. रस्त्यावर आल्यावर हात धरून थांबवलंत. "मालकापुढं दुसऱ्या मिस्त्रीच्या कामाला नाव ठिवायचं नसतं." मी म्हटलं, "पण ती वाकडीच होती." "असंल. मग त्या मिस्त्रीला गाठून त्याला सांगायचं. मालकाला न्हाय. उद्या त्याच्या पोटावर पाय येतो." तुम्ही मला मारलं नाही कधी, पण त्या दिवशी घरापर्यंत बोलला नाहीत आणि ते मारण्यापेक्षा जास्त लागलं. तुमच्या धंद्यातले सगळेच हा नियम पाळायचे. मी माझ्या धंद्यात तो रोज मोडते. माझा अहवाल म्हणजे दुसऱ्याच्या कामाला मालकापुढे नाव ठेवणंच असतं. पण यावेळी मिस्त्री कोण ते मला माहीत होतं. म्हणून आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि ते आत्ता, उशिरा, सांगते आहे.

आप्पा, तुळया कुजल्या. सगळ्या नाही, आणि पूर्ण नाही. पश्चिमेच्या भिंतीत टेकलेल्या सोळापैकी चौदांची टोकं कुजली आहेत, दीड-दोन फुटांपर्यंत. पहिल्यांदा मी नुसती हातोडी घेऊन गेले होते. खोलीच्या मध्यापासून ठोकत भिंतीकडे गेलं की आवाज खणखणीत येतो, येतो, आणि भिंतीपाशी एकदम बद्द होतो. नंतर ओल मोजायचं यंत्र आणलं, मग लाकडात बारीक सुई फिरवून आतलं बळ मोजणारं यंत्र भाड्याने मागवलं. चौदाही ठिकाणी तेच. कोपऱ्यातल्या दोन तुळया मात्र कोरड्या, टणक, कालच कापून आणल्यासारख्या. भिंत तीच, पाऊस तोच, लाकूड एकाच खेपेतलं. फरक एवढाच की त्यांची भोकं उघडी होती आणि त्यांच्यावर चुना होता. मला हे पहिल्याच दिवशी कळलं, पाव तासात. पुढचे तीन आठवडे मी खात्रीसाठी तपासत राहिले असं कामाच्या वहीत लिहिलं आहे. खात्री झालेली होती.

तुम्हाला कारण सांगते. चुन्याची भिंत ओल घेते आणि ओल सोडते. पावसाळ्यात भिजते, उन्हाळ्यात सुकते. तुळईचं टोक जिथे भिंतीत बसतं तिथे तिच्याभोवती बोटभर जागा मोकळी ठेवलेली असते, आणि त्या जागेतली ओल बाहेर जावी म्हणून ते भोक. काका बरोबर होते. आपण भोक बंद केलं, टोकाभोवती सिमेंट ठासलं आणि वरून सगळ्या भिंतीला सिमेंटचं कातडं चढवलं. पाणी कुठून ना कुठून आत येतंच, छपराखालून, जोत्यातून. पूर्वी ते आलेल्या वाटेने जायचं. आता जायला वाट राहिली नाही. आणि सगळ्यात वाईट गोष्ट ही की तुमचं काम उत्तम होतं. मी तो गिलावा इंच इंच तपासला, त्याला एक भेग नाही. चौदा दिवस तुम्ही गोणपाट लावून दोन वेळा पाणी मारत होतात, रविवारीसुद्धा, ते मला आठवतं. दुसऱ्या कोणी उरकून टाकलं असतं तर पाचसात वर्षांत पोपडे सुटून पडलं असतं आणि भिंत पुन्हा सुकायला लागली असती. तुमचं टिकलं. तुम्हाला सिमेंट का आवडायचं तेही मला समजतं. वैरागजवळच्या त्या मातीच्या घरात दर वर्षी भिंती लिंपण्यात आजीचे हात गेले. आपल्या गल्लीत पहिला सिमेंटचा कोबा आपल्या घरात झाला आणि तुम्ही त्यावर दोन दिवस कोणाला चप्पल घालून येऊ दिलं नाहीत. सिमेंट म्हणजे एकदा केलं की झालं. त्या काळात शिकलेले इंजिनियरही हेच सांगत होते, हेही मी तुमच्या बाजूने नोंदवते.

मग प्रश्न आला अहवालाचा. मालकांनी पुण्याहून आर्किटेक्ट आणला होता. त्याचं म्हणणं होतं की लाकूड म्हातारं झालंय, आतलं सगळं काढून टाकू, बाहेरच्या चार भिंती ठेवू आणि आत लोखंडी सांगाडा उभा करू. त्यासाठी माझ्याकडून एक ओळ हवी होती: लाकडाचं आयुष्य संपलं आहे. ती ओळ लिहिली असती तर सगळ्यांचं सोपं झालं असतं, मालकांचं, आर्किटेक्टचं, माझं आणि तुमचंही. का कुजलं हे कोणी विचारलं नसतं. पण ती ओळ खोटी होती. दर तुळईचं दीड-दोन फूट टोक गेलं होतं, बाकी चौदा फूट शाबूत. ज्या मजल्यांनी सुताच्या ओल्यासुक्या गाठी पेलल्या त्यांना संगणकांची टेबलं काही जड नाहीत. टोकं कापून नवं सागवान सांध्यात बसवलं, भोकं उघडली आणि भिंतीला पुन्हा चुना दिला की ती इमारत माझ्या नंतरही राहील. पण हे पटवायचं तर लाकूड म्हातारपणाने नाही, दुरुस्तीने गेलं, असं सांगावं लागत होतं. तुमचं झाकलं तर इमारत आतून जाणार होती आणि इमारत राखायची तर तुमचं उघडं पडणार होतं.

मी अहवालात लिहिलं, "पूर्वीच्या दुरुस्तीत हवेची भोकं बंद केल्यामुळे." कर्ता घातला नाही. अहवालात तो नसला तरी चालतो.

बैठक दुसऱ्या मजल्यावर झाली, धुळीतच, खुर्च्या मांडून. तरुण मालक होते, त्यांचे वडील थोरले मालक होते, आणि काका होते, कारण चुन्याच्या कामासाठी मीच त्यांना बोलावलं होतं. चुना हाताने ओळखणारं दुसरं माणूस मला गावात मिळालं नाही. ते आता सत्तरीचे आहेत. चारचौघांत मला 'म्याडम' म्हणतात आणि जिन्यात कोणी नसलं की 'पोरी'. त्यांना सगळं ठाऊक आहे, पण तेही कधी कोणाकडे काही बोलले नव्हते. मी आकडे सांगितले, कोपऱ्यातल्या दोन तुळया दाखवल्या. तरुण मालकांना पटायला वेळ लागला नाही, हुशार माणूस आहे. थोरले मालक मात्र अस्वस्थ झाले. "पण तो मिस्त्री चांगला होता हो. असं काम मी नंतर पाहिलं नाही. बायका लुगड्यावर फिरवतात तसा आम्ही त्याच्या भिंतीवर हात फिरवून बघायचो." मुलगा म्हणाला, "बाबा, त्या चांगल्या कामानेच वाट लावलीये. कोण होता तो?"

मी यंत्राकडे बघत होते. यंत्र बंद होतं, आप्पा. त्याच्या काळ्या पडद्यावर मला माझं हेल्मेट दिसत होतं.

काका म्हणाले, "म्याच हुतो की, साहेब. भोकं म्याच बुजवली."

थोरले मालक म्हणाले, "तुम्ही? तुम्ही तर हाताखाली होता ना? मुख्य मिस्त्री दुसरा होता, उंच."

"त्यो त्या टायमाला गावी गेल्ता. म्या माझ्या मनानं केलं. अक्कल न्हवती, चुकलं."

तरुण मालक हसले, कुचेष्टेने नाही, पण हसले. "मॅडम, मग ज्यांनी भिंत मारली त्यांच्याकडूनच परत चुना लावून घ्यायचा का आपण?" आणि मी काय म्हणाले ते तुम्हाला शब्दशः सांगते, कारण तेवढंच मला नीट आठवतं. मी म्हणाले, "मी दुसरं माणूस बघते."

काकांनी टोपी नीट केली, थोरल्या मालकांना नमस्कार केला आणि जिना उतरून गेले. मी बैठक पूर्ण केली. इमारत राखायची असं ठरलं. जे मला हवं होतं ते सगळं मिळालं. खाली आले तेव्हा काका समोरच्या टपरीवर चहा बशीत ओतून पीत होते. मी विचारलं, "काका, का बोललात?" ते म्हणाले, "मग काय मेलेल्या माणसाला मालकापुढं उभं करू व्हय? तू चहा घे. रंग उडालाय तुझा." मी म्हटलं, "पण तुमचं काम गेलं." "जाऊ दे की. गुडघं बी लई कुरकुरत्यात आता. परांचीवर चढलो असतो तर उतरवायला तुला क्रेन आणावी लागली असती." मी चहा घेतला. मला तेव्हाच परत वर जाता आलं असतं. अकरा पायऱ्या, वळण, अकरा पायऱ्या. मी रिक्षा केली.

आठवडाभर मी दुसरं माणूस शोधल्यासारखं करत होते. मग रविवारी त्यांच्या घरी गेले, काय बोलायचं ते न ठरवता. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलीस. त्या हौदाला सांग जरा, माझा नवरा मला परत दे म्हणून." मला कळेना. त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथे विटांचा हौद बांधलेला, वर फळ्या आणि ओलं पोतं. काका काठी घेऊन तो ढवळत होते. चुना भिजवलेला होता. मी फक्त नमुन्यासाठी बादलीभर मागितला होता. त्यांनी सगळ्या भिंतीला पुरेल एवढा भिजवला होता, माझा फोन गेला त्याच आठवड्यात, कोणी न सांगता, आपल्याच हाताने. काकू म्हणाल्या, "रोज सकाळी उठून आधी त्याला पाणी. ऊन लागंल म्हणून त्याला पोतं. मला कधी छत्री धरली न्हाय ह्या माणसानं." काका म्हणाले, "तुला भिजवून ठिवली असती तर तू बी मऊ झाली असतीस." आणि मग मला म्हणाले, "बघ गं हात घालून." मी बोट घातलं. लोणी. कुठेही कण नाही. मी विचारलं, "आता याचं काय करणार?" ते काठी काठावर झटकत म्हणाले, "काय न्हाय. झाकून ठिवायचा. चुना काय नासत न्हाय." मग पोतं ओढून घेत, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "त्या भिंतीला एकदा चुना द्यायचा हुता. मिस्त्रीला सांगितलं नीट न्हाय म्या तवा. हसण्यावारी गेलं."

एकवीस वर्षं ते वाक्य त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. भोकं तुम्ही बुजवलीत, मी बुजवली, आणि चुकलं असं वाटत राहिलं ते त्यांना.

घरी येऊन मी अहवालाचं ते पान पुन्हा लिहिलं. लिहिलं की ही दुरुस्ती मुख्य मिस्त्रींच्या सांगण्यावरून झाली. ते माझे वडील होते. चौदांपैकी नऊ भोकं मी स्वतः, लहानपणी, भरली. त्यांच्या सहकाऱ्याने त्या वेळी हरकत घेतली होती, ती ऐकली गेली नाही. चुन्याच्या कामासाठी या सहकाऱ्याइतका योग्य माणूस माझ्या माहितीत नाही. तुमचं पूर्ण नाव लिहिलं. ईमेलने पाठवण्याजोगं ते नव्हतं म्हणून छापून घेऊन मालकांकडे गेले.

तरुण मालकांनी पान दोनदा वाचलं. "हे तुम्ही त्या दिवशी का नाही बोललात?" मी म्हटलं, "त्या दिवशी मला जमलं नाही." ते म्हणाले, "मग तुमच्या बाकीच्या अहवालावर मी विश्वास का ठेवायचा?" प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, "ठेवू नका. दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. आकडे बदलणार नाहीत." त्यांनी खरंच पुण्याहून दुसरा माणूस बोलावला. तो दोन दिवस माझ्याच खुणांवर यंत्र लावत फिरला आणि मी जिन्यात बसून राहिले. आकडे बदलले नाहीत. पण मालक आता माझ्याशी पूर्वीपेक्षा थोडं कमी बोलतात, प्रत्येक गोष्ट लेखी मागतात. ते त्यांचं बरोबर आहे. थोरल्या मालकांनी फक्त एवढं विचारलं, "तू त्याची मुलगी? तो कधी गेला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला कोणी कळवलं नाही." 

काका मात्र चिडले. मला वाटलं होतं खूश होतील. "बापाचं नाव कागदावर घातलंस? आनी माजं बोलणं खोटं पाडलंस त्या पोराम्होरं?" मी म्हटलं, "काका, ते खोटंच होतं." "असू दे की! खोटं काय माजं न्हवतं? म्या बोललो हुतो ते." त्यांनी फोन ठेवला. दोन दिवस उचलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचाच आला, नमस्कार नाही, काही नाही. "वाळू नदीची पायजे. चाळून ठिवायला सांग. आनी परांचीला शिडी नगं, पायऱ्या कर माज्यासाठी."

मला बरं वाटलं का, तर हो, पण थोडं. खरं सांगायचं तर मला झोप लागली, इतकंच. तुम्हाला राग येईल की नाही हे मी कितीदा मनात मांडून पाहिलं. तुम्ही आज असता तर आधी स्वतः हातोडी घेऊन तुळया ठोकून बघितल्या असत्या, माझ्या यंत्रावर विश्वास ठेवला नसता. मग कोपऱ्यातल्या दोन भोकांत बोट घालून पाहिलं असतंत. पुढचं मला दिसत नाही. तुम्हाला मी पंधरा वर्षंच ओळखलं, आणि त्यातली बरीचशी लहान होते. काय म्हणाला असतात ते मी बनवून लिहू शकते, पण तसं लिहीत नाही.

सोमवारी सकाळी पश्चिमेचा गिलावा उतरवायला सुरुवात होईल. इतका घट्ट आहे की छिन्नीनेच काढावा लागेल, दोन दिवस तरी जातील. पहिल्या दिवशी मी जागेवर हजर राहायचं असं माझ्याच करारात लिहिलं आहे. मालकांना मी कळवलं आहे की मला त्या दिवशी कुर्डुवाडीला एका गोदामाचं छप्पर तपासायचं आहे, आणि काका सगळं बघतील. तसं लेखीच कळवलं आहे. गोदाम खरं आहे, छप्परही गळतं आहे. पण गोदामवाल्यांनी मला कोणताही दिवस चालेल म्हणून सांगितलं होतं. सोमवार मी मागून घेतला.